मिंट: पुदिना आणि टांकसाळ

पूर्वी नाण्यांवर पुदिन्याचं पान असायचं, म्हणून पुदिना आणि टांकसाळ या दोन्हींना इंग्रजीत मिंट म्हणतात का, असं कुणी विचारेल. तसं नाही. हे मुळात दोन वेगळे शब्द. इंग्रजीत येऊन दोघांचं रूप सारखं झालं, इतकंच.

पुदिन्याचा मिंट लॅटिन 'मेंता'वरून, त्यामागे ग्रीक 'मिंथा'. टांकसाळीचा मिंट मात्र 'मोनेता'वरून. रोममध्ये कॅपिटोलाइन टेकडीवर जूनो मोनेता देवीचं मंदिर होतं, तिथे नाणी पाडली जात. जुन्या इंग्रजीत तो 'म्यूनेत' झाला, पण अर्थ नुसता नाणं असा होता. नाणी पाडायची जागा हा अर्थ मागाहून आला. त्याच मोनेतावरून फ्रेंचमार्गे 'मनी' आला. म्हणजे मिंट आणि मनी सख्खी भावंडं! मला हे नातं फार आवडतं.

जुन्या वस्तूंच्या जाहिरातीतलं 'मिंट कंडिशन'ही इथलंच: टांकसाळीतून आत्ता बाहेर पडल्यासारखं कोरं. पुदिन्याच्या ताजेपणाशी त्याचा संबंध नाही.

आपल्या मुंबईच्या फोर्टातल्या मिंट रोडचं नावही टांकसाळीवरूनच. खिशातलं एखादं नाणं काढून सालाखाली पाहा. चौकटच्या पत्त्यासारखी बारीकशी खूण दिसली, तर ते मुंबईच्या टांकसाळीतलं.