मदत हवी आहे: १८ हजारांत मुलांची खोली कशी लावू? (इंदूर)

मागची_खोली
घाईत लिहिते आहे. मुलांसाठी मागची खोली तयार करायची आहे, शाळा उघडायच्या आत. बजेट १८ हजार, त्यावर एक रुपयाही नाही. त्यात पलंग, अभ्यासाची जागा, कपडे आणि खेळणी ठेवायची सोय, सगळं बसवायचं आहे. ऑनलाइन बंक बेड (एकावर एक दोन पलंग) बघितले. पसंत पडले ते बजेटच्या बाहेर, आणि बजेटमधल्यांखालचे अभिप्राय वाचून हिंमत होत नाही. इंदूरमध्ये स्वस्त बंक बेड कुठे मिळेल? रविवारी बाजारात निघणार आहोत, त्याआधी सांगा.

रामबागकर
खोली केवढी? मुलं किती, वयं काय? घर स्वतःचं की भाड्याचं? एवढं कळल्याशिवाय कुणी काही सांगितलं तरी उपयोग नाही.

ठाण्याहून
आमच्याकडे भिंतीत दुमडणारा पलंग सुताराकडून करून घेतला आहे. दिवसभर खोली मोकळी राहते. चांगला प्लाय वापरा, बिजागऱ्या भारीच्या घ्या. तुम्हालाही हेच सांगेन, बंकच्या मागे लागू नका.

मागची_खोली
खोली १० बाय ९. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. घर भाड्याचं आहे आणि मालक भिंतीला खिळासुद्धा ठोकू देत नाहीत, म्हणजे भिंतीतला पलंग बाद. बंक बेड कुठे मिळेल तेवढंच विचारलं होतं.

वेल्डिंगवाला_दादा
ताई, दुकानाचं नाव सांगण्याआधी एक विचारतो. छताची उंची किती आणि पंखा कुठे आहे?

मी लोखंडी काम करतो. बंक बनवून घेणारे बहुतेक लोक पंखा विसरतात. छत साडेनऊ फूट धरा. पंखा फूटभर खाली लटकतो, म्हणजे पाती साडेआठ फुटांवर. वरच्या पलंगाची गादी सव्वापाच फुटांवर येते. नऊ वर्षांची मुलगी तिथे नुसती बसून, आळस देत हात वर करेल तरी बोटं पात्यापर्यंत जातात. उभी राहिली तर डोकंच. बंक हवाच असेल तर छताचा पंखा काढून भिंतीवरचा लावावा लागतो, आणि तुमचे मालक खिळा ठोकू देत नाहीत.

तीन_मुलांची_आई
आमची तिन्ही मुलं बंकवरच वाढली. पंखा होता, काही झालं नाही. इतकं घाबरवायचं कारण नाही. मुलांना एकदा नीट समजावलं की ती ऐकतात.

वेल्डिंगवाला_दादा
नऊ वर्षांची ऐकेल. चार वर्षांचा? जवळ कुणी मोठं नसताना तो शिडी चढून वर जाणारच. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये असं डॉक्टरही सांगतात, आणि झोपायचं नसलं तरी खेळायला तर जातो. कठडा गादीच्या वर निदान ५ इंच हवा. बाजारात तयार मिळणाऱ्यांत कठडा पलंगाच्या फळीपासून मोजलेला असतो. त्यावर ४-५ इंचांची गादी घातली की कठडा उरतो कुठे? माझा धंदा बंक विकूनही चालतो, तरी सांगतो आहे.

टिळकनगर_आजोबा
पूर्वी एका खोलीत सहा भावंडं अंथरुणं टाकून झोपत. सकाळी गुंडाळली की खोली मोकळी. पलंगाचा खर्चच कशाला? मुलांचं डोकं मात्र दक्षिणेला किंवा पूर्वेला करा. उत्तरेला करू नका.

मागची_खोली
आजोबा, अंथरुणं टाकायचा विचार झाला होता. पण मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, फरशी गार पडते आणि मुलाला सर्दीचा त्रास आहे. म्हणून पलंग हवा. पंखा खोलीच्या मधोमध आहे. बरं, बंक नको म्हणता, मग दोन पलंग १० बाय ९ मध्ये कसे बसवू?

सुदामानगर
दोन पलंगपेट्या घ्या! इंदुरात याच्याइतकं उपयोगी काही नाही. लोखंडी पेटी, वर गादी, आत रजया, स्वेटरं, जुनी पुस्तकं. कपाटाचा खर्च वाचतो. आमच्याकडची वर्षानुवर्षं टिकून आहे.

रामबागकर
६ बाय ३ च्या दोन पेट्या म्हणजे ३६ चौरस फूट. खोली सगळी ९० ची. त्यात दार उघडायला, कपाट उघडायला जागा हवी. मुलं खेळणार कुठे? शिवाय पेटीचं झाकण जड असतं. त्याला आधाराची दांडी नीट नसेल तर बोटं चेमटतात. चार वर्षांच्या मुलाजवळ मी ठेवणार नाही.

सुदामानगर
गॅसचा दांडा लावून मिळतो हो आता. झाकण हळूहळू बसतं.

लाकूडकाम_छंद
मी वेगळं सांगतो. जुनं सागवानी घ्या. घर रिकामं करणारे लोक पलंग, टेबल, कपाट अगदी कमी भावात देऊन टाकतात. आजच्या भुश्याच्या फळीच्या वस्तू दोन वर्षांत संपतात. रोज पोछा लागतो, खालची कड पाणी पिते, फुगते, वरचा कागद उकलतो. बिजागरीचा स्क्रू एकदा ढिला झाला की त्या भोकात परत पकड येत नाही, कारण आत धागा नाही, नुसता दाबलेला भुसा. सागवानाचा पलंग मात्र उघडून परत जोडता येतो.

घेताना एवढं बघा. पलंग उलटा करा. पायाच्या खालच्या बाजूला मातीच्या बारीक रेषा दिसल्या तर वाळवी, घेऊ नका. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा असेल तर घूण. भोकं जुनी असतात, भुगा ताजा आहे का ते महत्त्वाचं. पलंग झटका, खाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवायची परवानगी मागा. सकाळी कागदावर भुगा दिसला तर सोडून द्या.

शिक्षिका_उज्जैन
जुनं घ्या, पण जुना ऑइलपेंट असेल तर मुलांच्या खोलीत नको. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नसावं हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे हे बघून कळत नाही. पॉलिश पेपरने कोरडं घासलं तर ती धूळ खोलीभर बसते, आणि चार वर्षांचं मूल हात तोंडात घालतं. घासायचंच असेल तर ओलं करून, बाहेर, मुलं घरी नसताना.

मागची_खोली
एवढं सगळं सविस्तर सांगता आहात, आभारी आहे. पण माझ्याकडे रंग घासायला वेळही नाही आणि जागाही नाही. खोलीत आधीच एक लोखंडी कपाट, सासूबाईंची संदूक आणि गव्हाची कोठी आहे. ती तिथेच राहणार. उरलेल्या जागेत काय बसेल ते सांगा.

रामबागकर
हे आत्ता सांगता आहात! मग १० बाय ९ उरलं कुठे? कोठी केवढी?

मागची_खोली
वर्षाचा गहू मावतो एवढी. पत्र्याची. कोपऱ्यात आहे.

सुदामानगर
शरबती की लोकवन? आम्ही यंदा भाव बघून वर्षाचा न घेता चार महिन्यांचाच भरला.

टिळकनगर_आजोबा
वर्षाचाच भरावा. चैत्र-वैशाखात कडक ऊन असतं, गहू वाळवून भरला की पावसाळ्यात चिंता नाही. पोळीची चव शरबतीलाच.

सुदामानगर
आजोबा, पाच माणसांच्या घरात आता रोज दोन्ही वेळा पोळ्या होतात कुठे? पडून राहिलेला गहू शेवटी किड्यांनाच जातो.

शिक्षिका_उज्जैन
थांबा सगळे. ताई, कोठीत किडीची गोळी टाकली आहे का? कोणती? हे आधी सांगा, पलंग नंतर.

मागची_खोली
मला माहीत नाही, ते काम सासूबाई बघतात. कृपया गव्हावर चर्चा नको, मी खोलीबद्दल विचारते आहे.

शिक्षिका_उज्जैन
मी खोलीबद्दलच बोलते आहे. धान्यात टाकायच्या सल्फासच्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या दमटपणाने त्यातून फॉस्फीन वायू निघतो. लसणासारखा किंवा सडलेल्या माशासारखा वास येतो, कधी वास लक्षातही येत नाही. झोपेत कोंडलेल्या खोलीत हा वायू माणसाला मारतो, लहान मुलांना आधी, आणि त्यावर उतारा नाही. धान्य ठेवलेल्या खोलीत झोपलेली मुलं दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ही गोळी घरात वापरायची नाहीच, ती गोदामांसाठी आहे आणि तीही प्रशिक्षित माणसाच्या हातून. तरीही सुटी मिळते. तुमची खोली ओल धरते म्हणालात, म्हणून मला राहवेना. आजच विचारा. टाकली असेल तर तुम्ही स्वतः उपसू नका, दार-खिडकी उघडी ठेवून मुलांना तिकडे जाऊ देऊ नका आणि पेस्ट कंट्रोलच्या जाणकार माणसाला बोलवा.

वेल्डिंगवाला_दादा
ताईंचं बरोबर आहे. आमच्या गावाकडे हे झालेलं आहे. विचाराच.

मागची_खोली
विचारलं. सल्फास नाही. किराणावाला देत होता, सासूबाईंनी घेतली नाही. त्या दरवर्षी पारद गोळ्या कापडात बांधून टाकतात आणि थोडं एरंडेल चोळतात. जीव भांड्यात पडला.

तीन_मुलांची_आई
पारद गोळी सगळेच टाकतात, त्याने काही होत नाही.

शिक्षिका_उज्जैन
सगळे टाकतात म्हणून चांगली ठरत नाही. पारद म्हणजे पारा, तो साध्या खोलीच्या तापमानालाही हवेत उडतो, आणि ती वाफ मेंदूला, मूत्रपिंडांना घातक. मुलं रात्रभर श्वास घेणार त्या खोलीत तर नकोच, आणि खायच्या धान्यातही नको. एरंडेल पुरेसं आहे. त्याआधी गहू दातांखाली कट्कन फुटेल इतका वाळवायचा, कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून थरांमध्ये घालायचा आणि झाकण घट्ट लावायचं. माझ्या आईने तेवढ्यावरच वर्षं काढली. ताई, कोठी बाहेर काढा. सासूबाईंशी गोळ्यांवरून वाद घालण्यापेक्षा ‘मुलांच्या झोपेला त्रास होईल’ म्हणा, नातवंडांसाठी त्या ऐकतील.

मराठी_माळवा
सगळ्यांनी फर्निचरच सांगितलं, मी भिंतीचं सांगतो. इथल्या शाळेत मुलांना मराठी शिकवत नाहीत. देवनागरी हिंदीमुळे येते, पण ‘ळ’ ची ओळख घरीच करून द्यावी लागते. मुलाच्या नजरेच्या उंचीला बाराखडी आणि मराठी महिन्यांचा तक्ता लावा. खिळा नको, दुहेरी टेपने लावा.

मागची_खोली
हे आवडलं. पण टेपने मालकांचा रंग निघेल. कपाटाच्या दारावर चुंबकाने लावीन.

सासूबाईंशी बोलले. कोठी स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात जाईल, तिथे पत्रा आहे, पाऊस लागत नाही. गोळ्या काढून टाकायला त्या तयार झाल्या. संदूक मात्र खोलीतच राहील, तिच्यात त्यांच्या लग्नातली भांडी आहेत आणि त्यावरून मला त्यांना दुखवायचं नाही. आता कोपरा मोकळा झाला. पुढे सांगा.

वेल्डिंगवाला_दादा
आता करता येईल. एकच लोखंडी पलंग ६ बाय ३ चा करून घ्या, पायांची उंची थोडी जास्त. त्याच्या पोटात दुसरा बुटका पलंग चाकांवर. रात्री ओढला की भाऊ खाली, बहीण वर. दिवसा आत ढकलला की फक्त १८ चौरस फूट जातात. मुलगा झोपेत पडला तरी वीतभर उंचीवरून पडेल. खिळा नाही, पंख्याची भीती नाही, घर बदललं तर उचलून न्या.

वेल्डरकडे गेलात की भाव नगावर विचारू नका, किलोवर विचारा. चौकोनी पाइप कोणत्या गेजचा, म्हणजे किती जाड पत्र्याचा, ते विचारा. १६ गेज मागा, १८ चा पातळ असतो, उड्या मारल्या की जोडाजवळ वाकतो. आणि वजन रंग लावायच्या आधी तुमच्यासमोर करायला सांगा. गाद्या नवीन घेऊ नका. घरात जुन्या कापसाच्या असतील तर पिंजून ६ बाय ३ च्या भरून घ्या. खालची गादी पातळ हवी, नाहीतर पलंग आत जाणार नाही.

रामबागकर
याच्याशी सहमत. खेळण्यांना अँगलची लोखंडी रॅक घ्या, पण बुटकी, कमरेएवढी. भिंतीला आवळता येत नसेल तर उंच रॅक नको, मुलगा चढेल आणि ती अंगावर येईल. लोखंडी कपाटाचंही तेच. जड वस्तू खालच्या कप्प्यात ठेवा, आणि मालकांना एकाच क्लॅम्पपुरतं विचारून बघा. मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे म्हटल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही. प्लास्टिकचे टब, डबे राणीपुऱ्याच्या बाजारात घ्या, मॉलमध्ये नको. आणि कपाट ओल्या भिंतीपासून हातभर लांब.

शिक्षिका_उज्जैन
अभ्यासाला मोठं टेबल लागत नाही. मुलगी खुर्चीवर बसल्यावर कोपर टेबलाच्या पातळीत यावं आणि पाय जमिनीला टेकावेत. टेकत नसतील तर पायाखाली जेवायचा पाट द्या. उजव्या हाताने लिहीत असेल तर उजेड डावीकडून यावा. घरात जुन्या शिलाई मशीनचा बिडाचा सांगाडा असेल तर त्यावर फळी टाकली की उत्तम टेबल होतं.

मागची_खोली
शिलाई मशीन सासूबाई अजून चालवतात! दुमडणारं टेबल घेईन. वेल्डरशी फोनवर बोलले. दोन्ही पलंग, चाकं आणि रंग मिळून ११ हजारांच्या आत बसवतो म्हणाला, १६ गेजमध्ये. गाद्या पिंजायला देते. टेबल आणि रॅक उरलेल्या पैशांत बसायला हवं. एकच विचारायचं राहिलं. पलंगावर प्लाय टाकू की लोखंडी पट्ट्या? वेल्डर प्लाय म्हणतो.

लाकूडकाम_छंद
प्लायच टाका, १२ एमएम. मुलांच्या पाठीला सपाट आधार हवा.

वेल्डिंगवाला_दादा
सपाट हवंच, पण ओलीच्या खोलीत अखंड प्लाय टाकला तर पावसाळ्यात कापसाची गादी खालून घाम धरते आणि वास मारते. पट्ट्या घ्या, जवळजवळ, मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. खालच्या पलंगाला तर पट्ट्याच. चाकं रबराची सांगा, दोन चाकांना ब्रेक, नाहीतर रात्री मुलाने कूस बदलली की पलंग सरकतो.