मदत हवी आहे : व्हिएतनामला पैसे कसे न्यावेत?

मार्चमध्ये मी आणि आई व्हिएतनामला जातोय, हनोई आणि दा नांग, आठ रात्री. परभणीहून देवगिरीनं मुंबई, तिथून विमान. तिकिटं काढून झालीत, ई-व्हिसाचे माणशी २५ डॉलरही भरले. आता तिथल्या खाण्याफिरण्याला दोघांत मिळून पन्नास हजार उरलेत. त्याच्या वर एक रुपयाही नाही, हे आधीच सांगते.

अडलंय ते पैसे नेण्यात. इथं दोन बँकांत विचारलं, डोंग, म्हणजे तिथलं चलन, कुणाकडंच नाही. डॉलर मिळतील म्हणाले. माझ्या डेबिट कार्डावर परदेशात साडेतीन टक्के मार्कअप लागतो, वर एटीएमचा आकार वेगळा. फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून न्यायचं कार्ड) बघितलं, पण त्यातही डोंग नाही. डॉलर भरून डोंग काढले तर पुन्हा क्रॉस करन्सीचा, म्हणजे एका चलनातून दुसऱ्यात बदलण्याचा आकार! बचत करायला गेलं की असं होतं.

हॉटेलचे पैसे आधीच दिलेत, त्यामुळे खर्च सगळा किरकोळ : बस, जेवण, तिकिटं. आई शाकाहारी आहे. तिकडं शाकाहारी जेवणाला 'चाय' म्हणतात एवढं कळलंय. फिश सॉसच्या भीतीनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत घेतेय. टूर कंपनी सुचवू नका, परवडणार नाही.

तर जे नुकतेच जाऊन आलेत त्यांनी सांगा : १०० डॉलरच्या कोऱ्या नोटा नेऊन हनोईत बदलणं स्वस्त पडलं, की कार्डानं एकदाच मोठी रक्कम काढणं? आणि नोटा नेमक्या कुठं बदलल्या, विमानतळावर की शहरात?