कॅम्पेन मिशनला घड्याळ हवं की नको?

खंदकफोड्या (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात 'स्टारक्राफ्ट २' या स्ट्रॅटेजी गेमचं २०१० सालचं कॅम्पेन (कथेत ओवलेली मिशनांची मालिका), 'विंग्ज ऑफ लिबर्टी', तिसऱ्यांदा संपवलं आणि जुनं मत आणखी पक्कं झालं. स्ट्रॅटेजी गेममधलं जे मिशन खेळाडूला स्वस्थ बसू देतं, ते निव्वळ वेळकाढू. बेस बांधा, तोफा लावा, फौज जमवा आणि नकाशाच्या दुसऱ्या टोकाचा लाल बेस पुसून टाका. यासाठी कॅम्पेन कशाला? स्कर्मिश, म्हणजे कथेविना सुटी लढाई, आहे की.

याउलट 'डेव्हिल्स प्लेग्राउंड' बघा. काम एकच, ८००० मिनरल गोळा करायचे. पण चांगले साठे सखल भागात आणि तिथे ठरावीक वेळाने लाव्हा चढतो. इशारा वाजला की एससीव्ही (खाणकाम करणारी कामगार यंत्रं) वर पळवा, ओसरला की परत खाली. दगड फोडण्यासारख्या रटाळ कामात जीव टांगणीला लागतो! 'सुपरनोव्हा'त डावीकडून आगीची भिंतच सरकत येते. टेरनच्या, म्हणजे गेममधल्या माणसांच्या, इमारती उडतात हे आपल्याला १९९८ च्या पहिल्या 'स्टारक्राफ्ट'पासून ठाऊक, पण अख्खा बेस उचलून पळायची वेळ तिथे येते.

तर माझं म्हणणं, प्रत्येक मिशनला कुठलं ना कुठलं घड्याळ, म्हणजे वेळेचं बंधन, हवंच. या, हाणा मला.

आळशी_गवळी

हाणतोच. दिवसभर ऑफिसात डेडलाइन, रात्री अकराला पोरं झोपल्यावर पीसी लावला की तिथेही डेडलाइन? मी 'एज ऑफ एम्पायर्स २' लावतो ते शेतं एका रांगेत आखायला आणि भिंतीला नीट फाटक बसवायला. तुम्हाला ते वेळकाढू वाटतं, मला तोच खेळ वाटतो.

आणि लक्षात राहायला घड्याळ लागतं हेही खोटं. त्यातलंच जोन ऑफ आर्कचं पहिलं मिशन आठवा. ना गाव, ना शेत, हाताशी मूठभर माणसं आणि जोनला शिनाँपर्यंत जिवंत न्यायचं. टायमर नाही. वाटेत एक घोडेस्वार गेला तरी चुटपुट लागते, कारण नवा बनवायला तबेलाच नाही. १९९९ चा गेम आहे, अजून विसरलो नाही.

बंड्या_सायबरवाला

गवळीबुवा, टायमर नव्हता कसा? आमच्या नाशिकच्या कॅफेत काउंटरवर होता की! तासाला वीस रुपये. शेवटचा कॅसल पडायच्या बेतात असायचा आणि मालक ओरडायचा, "पाच नंबर, टाइम झाला." मशीन रीस्टार्ट केलं की सेव्हही गायब. त्यामुळे मी घड्याळाच्या सक्त विरोधात, कारण शुद्ध वैयक्तिक आहे.

खंदकफोड्या

बंड्या :)

गवळीसाहेब, जोनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे वेळेऐवजी माणसं मोजून दिलीत. टंचाई तीच.

टंचाई काढून टाकली की काय होतं ते १९९९ च्याच 'होमवर्ल्ड' या अंतराळातल्या गेममध्ये दिसतं. त्यात एका मिशनमधलं आरमार आणि साठा पुढच्या मिशनला सोबत येतो. मस्त कल्पना. पण शत्रू संपल्यावरही पुढची उडी कधी घ्यायची ते खेळाडूच्या हातात. मग आम्ही काय करायचो? उरलेला प्रत्येक दगड गोळा होईपर्यंत गेम चालू ठेवून जेवायला जायचो. परत येऊन उडी. ही कसली स्ट्रॅटेजी? २००३ च्या दुसऱ्या भागात मिशन संपलं की उरलेली सामग्री आपोआप जमा व्हायला लागली. बनवणाऱ्यांना दुखणं कळलं होतं.

गवळण_नव्हे_गवळी_विरोधक

मी दोघांच्या विरोधात. घड्याळ आहे की नाही यापेक्षा ते कथेत बसतं का ते बघा.

'वॉरक्राफ्ट ३' (२००२) मध्ये राजपुत्र आर्थास हार्थग्लेन गावात अडकतो, जेनाला उथरकडे मदतीसाठी पिटाळतो आणि आपण ३० मिनिटं गाव राखायचं. घड्याळ चोख, मिशन थरारक. तरी कोपऱ्यातला आकडा शून्यावर आला की मदत येणार हे ठाऊक असल्यामुळे शेवटची दोन मिनिटं मी चक्क चहा ओतत होते.

पुढचं स्ट्रॅथोम बघा. मॅलगॅनिस या राक्षसाने रोगाने ग्रासलेले १०० गावकरी ओढून नेण्याआधी आपण १०० संपवायचे. शर्यत लागते. घरं फोडायची, आतून निघालेल्याला मारायचं. पहिल्या घराला हात जड होतो. चाळिसाव्या आकड्यापर्यंत मी वैतागून पुटपुटत होते की हा मॅलगॅनिस पुढे कसा गेला, दुसऱ्या गल्लीत चला. आपण कोणाची घरं फोडतोय हे डोक्यातून गेलेलं! आर्थास कसा घसरला ते व्हिडिओ दाखवून कळलं नसतं, त्या मोजणीने माझ्याकडून करवून घेतलं. असं घड्याळ दहा गेममधून एकात सापडतं. लाव्हा त्यापुढे निव्वळ सर्कस आहे.

आळशी_गवळी

ताई, आयडी बघून आधी दचकलो, पण स्ट्रॅथोमचं पटलं. सर्कस हा शब्द तर फारच पटला. अशा मिशनचं दुखणं हे की एकदा गुपित कळलं की संपलं. दुसऱ्यांदा खेळताना लाव्हा केव्हा येतो ते पाठ असतं. मग ते कोडं उरतं, तेही सोडवलेलं. 'एज ऑफ एम्पायर्स २'मधलं सम्राट बार्बारोसाचं शेवटचं मिशन मी निदान सहा वेळा खेळलोय. सम्राट ११९० मध्ये नदीत बुडून मेलेला, त्याचा देह पिंपात घालून जेरुसलेमला न्यायचा. दरवेळी वाट वेगळी धरता येते, दरवेळी पिंपाच्या मागेपुढे किती पहारा ठेवायचा यावर मी अर्धा तास घालवतो.

खंदकफोड्या

अर्धा तास! पिंप कुठे पळून जातंय का? हेच तर म्हणतोय मी. शत्रूचा कॉम्प्युटर त्या अर्ध्या तासात दोनचार फुटकळ हल्ले करतो आणि गप्प बसतो. तुम्ही बसून राहिलात की तोही बसून राहतो.

तुमचे हात जलद चालत नसतील तर गेमचा वेग कमी करा, सिंगल प्लेयरला सोय आहे. घड्याळही सोबत हळू होतं.

आळशी_गवळी

हात ठीक आहेत हो माझे. घाई नकोय एवढंच.

बंड्या_सायबरवाला

मी अजून पिंपावर अडकलोय. ते मिशन कॅफेत कधी पूर्णच झालं नाही. जेरुसलेमचा डोम ऑफ द रॉक दिसायला लागला की पाच नंबर, टाइम झाला. गवळीबुवा, दक्षिणेकडून नेऊ की उत्तरेकडून?