घटस्फोट दोघांचा, व्हिसा मात्र एकाचाच

एडिसनवासी : ‘अमेरिकेत नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर गेलेल्या बाईने घटस्फोटानंतर निमूट परत यावे, यात अन्याय कसला?’ असा सवाल काल येथे एका सदस्याने टाकला आणि त्याला भरघोस दाद मिळाली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा निघाला की एच-४चा आधारच संपतो. नोकरी गेलेल्या एच-१बीधारकाला, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला, ६० दिवसांपर्यंत राहण्याची जी सवलत मिळते, ती घटस्फोटितेला नाही. त्याहून जिव्हारी लागते ती ग्रीन कार्डाची रांग. दर देशामागे ७ टक्क्यांच्या मर्यादेमुळे भारतात जन्मलेल्यांची ही रांग वर्षानुवर्षे तुंबलेली आहे आणि कार्ड हाती पडण्यापूर्वी घटस्फोट झाला, तर पतीचे स्थान शाबूत राहते, पत्नीचे पुसले जाते. माझ्या मावसबहिणीचे असेच झाले. मुलगी जन्माने अमेरिकेची नागरिक आणि आईला तिथे राहण्याची मुभा नाही.

शनिवारपेठी : सवाल माझाच होता आणि तो मी मागे घेत नाही. पतीच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर लग्न मोडल्यानंतर हक्क कसा सांगता येईल? आपला देश तरी काय वेगळे करतो? भारतीयाशी लग्न केल्यामुळे परदेशी व्यक्तीला मिळालेले ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड घटस्फोटानंतर नागरिकत्व कायद्याच्या कलम ७-डीखाली रद्द होऊ शकते. तेव्हा कोणी गळा काढल्याचे ऐकिवात नाही. शिवाय स्थळ पाहताना मुलीकडचे पगार विचारतात, घर विचारतात, व्हिसा कोणता हे मात्र विचारत नाहीत.

कराडचे काका : आईवडिलांना बोल लावणे सोपे असते. आम्ही विचारले होते. ‘ग्रीन कार्डाचे काम चालू आहे’ असे उत्तर मिळाले आणि ‘काम चालू’ म्हणजे नेमके कुठवर, हे मध्यस्थांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी आपली दक्षिणा मात्र चोख घेतली.

शनिवारपेठी : काका, म्हणजे चौकशी अर्धवट केलीत, असेच झाले ना?

कराडचे काका : आपल्या घरात लग्नाची मुलगी नसावी, एवढेच म्हणतो.

परावलंबी पती : इथे जो तो मुलीकडच्यांवर घसरतो आहे, म्हणून सांगतो, की एच-४वर पुरुषही असतात. पुण्यातली नोकरी सोडून मी पत्नीमागे आलो. २०१५पासून एच-४वर काम करता येते खरे, पण मुख्यतः जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी मालकाने भरलेला अर्ज, मंजूर झाला असेल तरच. तोवर मी घरी बसून होतो. भांडण झाले की ‘उद्या वकिलाकडे जाते’ हे एक वाक्य मला गप्प करायला पुरेसे असे. त्या वाक्याला धार आणली ती कायद्याने.

कज्जेदलाल : भावना समजल्या, पण घबराट पसरवू नका. नुसते वेगळे राहिल्याने एच-४ जात नाही. हुकूमनामा होण्यापूर्वी विद्यार्थी व्हिसासाठी दर्जा बदलण्याचा अर्ज करता येतो. अमेरिकी नागरिकाशी लग्न करून दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळाले असेल, तर घटस्फोटानंतर लग्न खरे होते हे दाखवून एकट्याने आय-७५१, म्हणजे कार्डावरची अट काढण्याचा अर्ज, भरता येतो. त्याला दोघांच्या नावाचा भाडेकरार, संयुक्त खात्याचे उतारे अशी कागदपत्रे लागतात. छळ झालेल्या एच-४ पत्नीसाठी स्वतंत्र वर्क परमिटाचीही सोय आहे, मात्र त्याने वास्तव्याचा दर्जा मिळत नाही.

शनिवारपेठी : म्हणजे वाटा आहेत. तरीही छळाच्या प्रकरणात काम करू द्यायचे आणि राहण्याचा दर्जा द्यायचा नाही, हा प्रकार अजब आहे, इतके मान्य करतो. याहून अधिकची अपेक्षा ठेवू नये.

एडिसनवासी : उपकार झाले. आता त्या वाटांविषयी. अर्जाला आय-७९७ची, म्हणजे दर्जा मंजूर झाल्याच्या सूचनेची, प्रत जोडावी लागते. बहिणीची ती प्रत आणि पासपोर्ट, दोन्ही पतीच्या कार्यालयातल्या कुलूपबंद खणात होते आणि सल्ला देणारा वकील त्यानेच नेमलेला होता. हुकूमनामा होण्यापूर्वी अर्ज करायचा असतो, हे तिला त्या वकिलाने सांगितले असेल असे आपणास वाटते काय?