आजोबांची ‘रेल्वेची मोटार’ नेमकी कोणाची?

प्रश्न (बालाघाटकर):
१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझे आजोबा त्याआधीच्या सरकारी बसबद्दल सांगतात आणि तिला ‘रेल्वेची मोटार’ म्हणतात. आमच्या गावाला तर आजही रेल्वे नाही. मग ही कोणती गाडी?

चिकलठाणा वर्कशॉप (निवृत्त):
आजोबा अगदी बरोबर सांगतात. तुमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजाम स्टेट रेल्वेने जून १९३२ मध्ये स्वतःचं रस्ता वाहतूक खातं काढलं आणि २७ गाड्यांवर सुरुवात केली. म्हणजे रूळ नसलेल्या गावालाही बस यायची ती रेल्वेचीच. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावरही काही वर्षं हे खातं रेल्वेकडेच होतं. १ नोव्हेंबर १९५१ ला ते हैदराबाद राज्य सरकारकडे गेलं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा इथली बससेवाही मुंबई राज्याच्या महामंडळात आली.

मी उमेदीची सगळी वर्षं एसटीत काढली. १ जूनला आम्हीही डेपोत गाडीला हार घालायचो, आणि तो दिवस मानाचाच आहे. तरी मराठवाड्यातल्या प्रत्येक डेपोत त्या दिवशी १९३२ चाही उल्लेख व्हावा, असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे सरकारी बस पुणे-नगरच्या सोळा वर्षं आधी धावली आणि आमच्याच पोरांना ते माहीत नाही.

वऱ्हाडी माणूस:
विदर्भाचंही तसंच आहे. आमच्याकडे सी.पी. ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस आणि प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट कंपनी होत्या. त्याही १९५६ नंतरच एसटीत आल्या.

बालाघाटकर:
काका, खूप आभार. मग बेळगावचं काय झालं? तेही मुंबई राज्यातच होतं ना?

चिकलठाणा वर्कशॉप (निवृत्त):
होतं. १९५६ च्या त्याच फेररचनेत बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार म्हैसूर राज्यात गेले, त्यांच्याबरोबर तिथल्या गाड्या आणि माणसंही गेली. चार वर्षांनी गुजरात वेगळा झाला, तेव्हा पुन्हा वाटणी झाली. आपलं आजचं महामंडळ त्यानंतरचं, १९६१ चं. एसटीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा बघा: पुण्याजवळ दापोडी, औरंगाबादला चिकलठाणा, नागपूरला हिंगणा. जोडलेल्या तिन्ही मुलखांत एकेक.

आजोबांना एक विचारा: तिकीट कोणत्या पैशांत काढायचे? संस्थानात हाली सिक्का चालायचा. त्यांना आठवत असेल तर इथे जरूर लिहा, आणि एखादं जुनं तिकीट घरात असेल तर जपून ठेवा.