त्वचेवर चिकटवलेल्या डायोडचे दुसऱ्या फील्डचे वाचन जास्त का येते?

प्रश्न:
आमच्या किरणोपचार विभागात स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना पहिल्या दिवशी मेडियल (छातीच्या मध्याकडून येणाऱ्या) आणि लॅटरल (बाजूकडून येणाऱ्या) अशा दोन्ही फील्डच्या, म्हणजे किरणझोतांच्या, प्रवेशस्थानी एकेक डायोड (डोस मोजणारा छोटा संवेदक) चिकटवून डोस पडताळला जातो. डायोडचे कॅलिब्रेशन मी सकाळी फॅन्टमवर (शरीराऐवजी वापरायच्या ठोकळ्यावर) करते, तेव्हा खोलीत 22 अंश तापमान असते. आधी दिलेल्या मेडियल फील्डचे वाचन हिशेबाशी जुळते, नंतरच्या लॅटरलचे मात्र दोन-अडीच टक्के जास्त येते. मॉनिटर युनिट (यंत्राने सोडलेल्या किरणांचे माप) आणि अंतर पुन्हा तपासले, चूक आढळली नाही. हा तापमानाचा परिणाम असल्यास आयन चेंबरचा (हवेने भरलेल्या डोसमापकाचा) तापमान-दाब गुणक इथे लावावा का?

उत्तर 1:
तो गुणक कृपया लावू नका. आयन चेंबरमधली हवा तापली की विरळ होते आणि वाचन अंशामागे साधारण 0.34 टक्के घटते, म्हणून आपण ते 20 अंशांवर आणून वाढवतो. डायोड हे घन सिलिकॉन असून तापल्यावर त्याची संवेदनशीलता बहुधा वाढते, अनेक डायोडांत अंशामागे सुमारे 0.3 टक्के, त्यामुळे या गुणकाने चूक दुप्पट होईल. त्वचा 32 अंशांच्या आसपास धरली तर दहा अंशांच्या फरकाने 3 टक्के होतात, आणि डायोडला त्वचेचे तापमान गाठायला दोन-तीन मिनिटे लागतात. हे प्रमाण डायोडगणिक वेगळे असते, शिवाय साचलेल्या डोसबरोबर बदलते, तेव्हा ते स्वतः मोजूनच वापरा.

उत्तर 2:
निष्कर्षाआधी एकदा लॅटरल फील्ड आधी देऊन पाहा. जास्तीचे वाचन नंतरच्या फील्डबरोबर सरकले तर कारण तापमान. लॅटरललाच चिकटून राहिले तर किरणांचा तिरपा कोन किंवा डायोडची जागा तपासावी लागेल. इलेक्ट्रोमीटरचे (डायोडचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्राचे) शून्यही डायोड अंगावर तापल्यानंतरच लावा, कारण गळती प्रवाह (किरण नसतानाही डायोडमधून वाहणारा) तापमानाबरोबर वाढतो. कृती-मर्यादा (जिच्यापलीकडे फरक गेल्यास चौकशी करावी लागते) 5 टक्के असेल तर हे 3 टक्के क्षुल्लक मानता येणार नाहीत: रुग्णाला खरोखर 3 टक्के डोस कमी मिळाला, तरी तापलेला डायोड सर्व ठीक असल्याचेच दाखवील.

प्रश्नकर्ती:
आज दोन रुग्णांत क्रम बदलला. दोन्ही वेळा जास्तीचे वाचन मेडियलला आले. यापुढे चिकटवल्यावर तीन मिनिटे थांबून शून्य लावीन, आणि प्रत्येक डायोडचा गुणक कोमट पाण्याने तापवलेल्या फॅन्टमवर मोजीन.