शब्दचर्चा: 'कृष्णवर्णीय' की 'काळा', 'हृदयद्रावक' की आणखी काही?

पानगळ:
आमच्या फिल्म सोसायटीच्या पुस्तिकेसाठी एक टिपण लिहिते आहे. विषय असा: गंभीर भूमिकांमधून प्रेक्षकाला आतून हलवून सोडणारे काळे नट आणि नट्या. सिडनी पॉइटिए, सिसिली टायसन, डेन्झेल वॉशिंग्टन, व्हायोला डेव्हिस, चुएटेल एजिओफोर, माहेर्शाला अली. पहिल्याच वाक्यात दोन ठिकाणी अडले आहे. मी 'काळे अभिनेते' लिहिलं, संपादकांनी 'कृष्णवर्णीय' केलं. मी 'हेलावून टाकणारा अभिनय' लिहिलं, त्यांनी 'हृदयद्रावक' केलं. त्यांचं म्हणणं, छापील मराठीत माणसाला 'काळा' म्हणत नाहीत. 'आफ्रिकी-अमेरिकी' म्हणावं तर एजिओफोर लंडनचा, आईवडील नायजेरियाचे. लुपिता न्योंगो केनियाची. पॉइटिएचं बालपण बहामा बेटांवर गेलेलं. तुम्ही काय लिहाल?

खडूफळा:
'कृष्णवर्णीय' लिहावं. रूढ आहे, कोणाला लागत नाही. 'हृदयद्रावक' मात्र बदला. बस दरीत कोसळली की तो शब्द येतो. अभिनयाला 'हृदयस्पर्शी' म्हणा.

ओवी:
'हृदयस्पर्शी' हा शब्द मालिकांच्या जाहिरातींनी इतका वापरलाय की त्यात आता स्पर्श उरलेला नाही. 'काळजाला भिडणारा' का नको?

सांगाती:
पानगळ, 'काळे' ठेवा. त्यामागे इतिहास आहे. 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काळ्यांची नाटक कंपनी निघाली, तिचं नाव होतं अमेरिकन निग्रो थिएटर. ते नाव त्या लोकांनी स्वतःच घेतलेलं, कोणी चिकटवलेलं नव्हे. पॉइटिए तिथंच प्रवेशासाठी गेला आणि बहामी उच्चारांमुळे आणि अडखळत्या वाचनामुळे त्याला परत पाठवलं. रेडिओ ऐकून ऐकून त्यानं उच्चार घडवले, तो भांडी घासायचा त्या हॉटेलातला एक म्हातारा ज्यू वेटर रात्री त्याच्याकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायचा. पुढे साठच्या दशकात त्याच समाजानं 'निग्रो' टाकला आणि 'ब्लॅक' उचलला. जो शब्द शिवी म्हणून तोंडावर मारला जायचा तोच अभिमानानं छातीवर लावला. 'काळा' नको म्हणून आपण संस्कृतचं पांघरूण घालतो तेव्हा ते सगळं भांडण झाकलं जातं. महाराष्ट्रात हे समजायला जड जाऊ नये. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेकडे बघूनच, आणि 'दलित' हाही त्यांनी स्वतः निवडलेला शब्द आहे. त्याच्या जागी सोज्वळ पर्याय सुचवणारे तेव्हाही होते.

खडूफळा:
सांगाती, इतिहास मान्य. पण शब्द मराठीत आला की तो मराठीच्या हवेत जगतो. काळं तोंड, काळा बाजार, काळी करतूत. लग्नाच्या जाहिरातीत मुलगी 'निमगोरी' असते, 'गव्हाळ' असते, काळी कधी नसते. त्या वाचकासमोर तुम्ही 'काळी अभिनेत्री' छापलं तर त्याच्या कानात अभिमान वाजणार नाही, हिणवणं वाजेल. हार्लेममधली चळवळ तुम्ही तळटीपेत कितीही समजवा.

ओवी:
मराठीच्या हवेत काळा विठोबाही आहे की. काळी आई म्हणजे जमीन आहे. 'काळी' नुसतं म्हटलं की शेतकऱ्याला शेत दिसतं. लग्नाच्या जाहिराती लिहिणाऱ्यांकडे सगळी भाषा सोपवून कशी चालेल?

डेट्रॉइटकर:
इथे अमेरिकेत राहणाऱ्याचं एक निरीक्षण. जून 2020 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं ठरवलं की माणसांबद्दल लिहिताना 'ब्लॅक'चं पहिलं अक्षर मोठं काढायचं, कारण तो रंग नसून एका समाजाचं नाव आहे. देवनागरीत मोठं अक्षर नाहीच. म्हणजे 'काळा' लिहिलं की रंग आणि समाज यांतला फरक दाखवायला आपल्याकडे साधन नाही. मी हल्ली सरळ 'ब्लॅक अभिनेते' लिहितो. शेजारी, सहकारी, मुलांचे शिक्षक, सगळ्यांना आम्ही घरात मराठीत बोलतानाही 'ब्लॅक' म्हणतो. आमच्या आधीच्या पिढीतली मराठी मंडळी कुजबुजत 'काळ्या' म्हणायची, त्याचा सूर आठवला की अजून लाज वाटते. त्यामुळे खडूफळांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही.

तळटीप:
जुना मराठी शब्द कोणीच काढला नाही: हबशी. हबश म्हणजे अ‍ॅबिसिनिया, अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे. मलिक अंबर हबशी, जंजिऱ्याचे शिद्दी हबशी. त्या शब्दात दर्यावर्दी आहेत, सेनापती आहेत, वजीर आहेत. पण तो देशवाचक आहे, व्हायोला डेव्हिसला लावता येणार नाही. आणि फुल्यांचं 'गुलामगिरी' विसरू नका, 1873. अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना आहे. म्हणजे हा विषय मराठीला परका नाही, दीडशे वर्षांचा आहे.
आता ओवींचा 'काळजाला भिडणारा'. काळीज म्हणजे मुळात हृदय नव्हेच, यकृत. अमरकोशात 'कालखंड' आणि 'यकृत' एकाच अर्थाचे दिले आहेत. कालखंड म्हणजे काळा तुकडा. 'कालेय' हाही यकृताचाच शब्द, आणि त्यातून काळीज. तेव्हा 'काळजाला भिडणारा' या शब्दात काळा आधीपासूनच बसलेला आहे!

ओवी:
हे फार सुंदर आहे. आणि 'काळजी'ही काळजातूनच ना?

तळटीप:
तसंच वाटतं.

खडूफळा:
वाटण्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. काळीज आणि काळजी यांत ध्वनी जुळतात म्हणून नातं जोडायचं, हा आपल्या सगळ्या चर्चांचा दोष आहे. पुरावा द्या.

रंगपट:
मी नाटकवाला, व्युत्पत्तीत पडत नाही. पण 'हेलावून टाकणारा', 'हृदयद्रावक', 'हृदयस्पर्शी', 'चटका लावणारा' हे सगळे शब्द प्रेक्षकाला काय झालं ते सांगतात. नटानं काय केलं ते एकही सांगत नाही. 'ग्लोरी' आठवा, 1989. डेन्झेल वॉशिंग्टनला फटके मारतात. शर्ट काढल्यावर पाठीवर जुने वळ दिसतात, गुलामगिरीतले. तो फटके मारायला सांगणाऱ्या अधिकाऱ्याकडे बघत राहतो. चेहरा हलत नाही. आणि एक थेंब गालावरून उतरतो. त्या चित्रपटासाठी त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. आता याला 'हृदयद्रावक' म्हटलं की त्या माणसानं जे रोखून धरलंय तेच पुसलं जातं. तो रडत नाही. तो न रडण्याची शिकस्त करतोय आणि शरीर त्याचं ऐकत नाही.
यासाठी आपल्याकडे फार जुनी भाषा आहे. नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु (थरथर), वैवर्ण्य, अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). हे हातवाऱ्यांनी करता येत नाहीत, मन तिथे गेलं तरच शरीरावर उमटतात. पानगळ, तुमच्या टिपणाला 'सात्त्विक अभिनय' हाच शब्द हवा.

ओवी:
पण आजच्या वाचकाला सात्त्विक म्हटलं की कांदा-लसूण नसलेलं जेवण आठवेल, अभिनय नाही.

रंगपट:
तो दोष वाचकाचा नाही, आपण शब्द वापरायचा सोडला त्याचा आहे. वापरा, परत येईल.

पानगळ:
रंगपट, तुमचं पोस्ट वाचून काल रात्री 'डाउट' पुन्हा बघितला. व्हायोला डेव्हिसचा मुख्य प्रसंग एकच. 1964, ब्रॉन्क्स, शाळेत एकच काळा मुलगा, ही त्याची आई. मेरिल स्ट्रीपची मुख्याध्यापिका तिला सांगते की पाद्रीचं मुलाशी वागणं संशयास्पद आहे. आई म्हणते, जूनपर्यंतच तर काढायचं आहे. घरी बाप मारतो, या शाळेतून पास झाला तर पुढचं दार उघडेल. ती भीक मागत नाही आणि मुख्याध्यापिकेला दोषही देत नाही. नाक वाहतं, ती धड पुसतही नाही. त्या एका प्रसंगावर तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. मला इथे 'गलबलून येणं' आठवलं. तिचं नव्हे, माझं. म्हणजे रंगपट म्हणतात तेच, मी पुन्हा प्रेक्षकाच्याच बाजूला.

सांगाती:
'फेन्सेस'मध्येही तेच वाहणारं नाक. नवऱ्यानं बाहेर मूल केल्याचं सांगितल्यावर अठरा वर्षं मी पण तुझ्याबरोबर इथेच उभी होते, असं ती त्याला सुनावते तो प्रसंग. तिनं आणि डेन्झेलनं ते नाटक आधी ब्रॉडवेवर केलं होतं, 2010 मध्ये दोघांना नाटकांसाठीचं टोनी पारितोषिक मिळालं, आणि 2016 च्या चित्रपटासाठी तिला ऑस्कर. इतके प्रयोग झाल्यावरही तो राग शिळा झालेला नाही.

खडूफळा:
रंगपट, तुमच्या यादीत 'वैवर्ण्य' आहे. म्हणजे रंग उडणं, चेहरा फिका पडणं. तो भाव तर गोऱ्या किंवा निमगोऱ्या नटालाच दाखवता येईल. मग काळ्या नटाला सातच भाव उरतात की काय? हे मी खोडी काढायला विचारत नाही. हा शास्त्राचाच प्रश्न आहे.

रंगपट:
चांगला प्रश्न. वैवर्ण्य म्हणजे फक्त पांढरं पडणं नव्हे, वर्ण बदलणं. काळ्या त्वचेचाही वर्ण बदलतो, तिच्यावरचं तेज बदलतं. ते दिसत नव्हतं याला कारण कॅमेरा होता. कोडॅकच्या फिल्मवरून छापताना रंग जुळवायला नमुना म्हणून गोऱ्या बाईचा फोटो असायचा, त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची त्वचा नीट दिसली की झालं काम. त्या मापात काळा चेहरा एक डाग होऊन जायचा, डोळे आणि दात तेवढे दिसायचे. पॉइटिए आणि सिसिली टायसन यांनी जे केलं ते अशा फिल्मवर केलं, हे लक्षात ठेवून टायसनचा 1972 चा 'साउंडर' बघा.
आणि मग 2016 चा 'मूनलाइट' बघा. तिथे चेहऱ्यांवर पावडर थापून चमक मारण्याऐवजी तेल लावलं, मायामीच्या उन्हात घामानं त्वचा जशी चकाकते तशी दिसावी म्हणून. माहेर्शाला अली जेवणाच्या टेबलाशी बसलाय. लहान मुलगा विचारतो, तू नशेचा माल विकतोस ना? माझी आई तो घेते ना? अली 'हो' म्हणतो आणि मान खाली घालतो. एका माणसाचा चेहरा विझताना तुम्हाला दिसतो. तेच वैवर्ण्य.

डेट्रॉइटकर:
एजिओफोरचा गळफासाचा प्रसंग यात 'स्तंभ' म्हणून बसेल का? 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह', 2013. पायाचे चवडे चिखलात टेकवत, श्वास तुटू न देता तो लटकतोय, कॅमेरा हटत नाही, आणि मागे बाकीचे गुलाम आपापली कामं करताहेत, मुलं खेळताहेत. मी तो प्रसंग मुलीबरोबर बघितला. ती इथेच वाढलेली. तिनं विचारलं, मराठीत याला काय म्हणतात, मी सांगू शकलो नाही.

रंगपट:
स्तंभ म्हणजे भावानं शरीर थिजणं. इथे शरीर बाहेरून बांधलंय आणि आतून प्रत्येक स्नायू चालू आहे. उलटंच म्हणा. चॅडविक बोसमनचा 'मा रेनीज ब्लॅक बॉटम'मधला देवाला आव्हान देणारा आक्रोश हा मात्र निखळ स्वरभंग. कर्करोग झालेला, बाहेर फारसं कोणाला माहीत नव्हतं. 2020 च्या ऑगस्टमध्ये गेला, चित्रपट त्यानंतर आला.

सांगाती:
हॅटी मॅकडॅनियल कोणी घेतलीच नाही. ऑस्कर मिळवणारी पहिली काळी व्यक्ती, 1940, 'गॉन विथ द विंड'. समारंभात तिला भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलावर बसवलं होतं, सहकलाकारांबरोबर नाही. अटलांटातल्या पहिल्या खेळाला तर तिथल्या वंशभेदी कायद्यामुळे जाताही आलं नाही. पानगळ, पुस्तिकेत 'कृष्णवर्णीय' छापा किंवा नका छापू, पण हे टेबल छापा.

तळटीप:
मग मागे जायचं तर आणखी मागे जा. आयरा ऑल्ड्रिज, न्यूयॉर्कचा काळा नट, 1833 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात ऑथेल्लो झाला, ती भूमिका करणारा एडमंड कीन प्रयोगातच कोसळला त्यानंतर. वृत्तपत्रांनी रंगावरून त्याची निर्भर्त्सना केली. तो युरोपभर फिरला आणि 1867 मध्ये पोलंडमध्ये वारला. काळा नट आणि गायक पॉल रोबसनचा ब्रॉडवेवरचा ऑथेल्लो 1943 चा, 296 प्रयोग. आपल्याकडे देवलांनी तेच नाटक 'झुंझारराव' म्हणून आणलं. मराठी प्रेक्षक ऑथेल्लोसाठी रडला तो झुंझाररावासाठी रडला.

खडूफळा:
रोबसनचा आवाज ऐकलाय का कोणी? त्या आवाजाला मराठीत 'भरदार' म्हणतात, पण ते पुरत नाही.

ओवी:
खर्ज. दुसरा शब्दच नाही. नट जेम्स अर्ल जोन्सचाही तोच. लहानपणी इतका तोतरा की वर्षानुवर्षं बोलणंच टाकलं होतं, मग शाळेतल्या एका शिक्षकांनी वर्गात कविता म्हणायला लावून वाचा परत आणली. त्या माणसानं पुढे 'फेन्सेस' ब्रॉडवेवर पहिल्यांदा केलं.

तळटीप:
आणि खर्ज हा षड्जच, म्हणजे 'सा', बरं का. 'ष'चा 'ख' झाला.

खडूफळा:
ही व्युत्पत्ती मात्र मान्य. पण मग जोन्सच्या आवाजाला खर्ज कसं म्हणता? षड्ज हा स्वर आहे, आवाजाचा पोत नाही. गायकांना विचारा.

ओवी:
गायकच म्हणतात, 'खर्जाचा आवाज'. माझे गुरुजी म्हणायचे.

पानगळ:
पुस्तिका परवा छापायला जातेय. 'काळे' आणि 'हेलावून टाकणारा' दोन्ही परत घातले आहेत, टेबलाचा किस्सा आणि वैवर्ण्यही घेतलंय. संपादकांचा फोन यायचा आहे.

खडूफळा:
गायकांनी म्हटलं म्हणून अर्थ बदलला असं असेल, तर मग वापर प्रमाण मानायचा. आणि वापर प्रमाण मानायचा तर 'कृष्णवर्णीय'ही प्रमाणच ठरतो. दोन्हीकडून बोलू नका.

ओवी:
खर्जाला वापरणारे गाणारे आहेत. 'कृष्णवर्णीय' वापरणाऱ्यांत काळं कोण आहे?